परदेशात पाहिलेले आणि मनात राहून गेलेले एखादे शिल्प

मांडवीकाठ, पणजी

नातीला शाळेत ‘आपल्या गावातील एक पुतळा’ या विषयावर दोन पाने लिहून न्यायची होती, म्हणून परवा संध्याकाळी तिला घेऊन जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियाच्या पुतळ्याजवळ गेले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी त्याच्यासमोरूनच ये-जा केली, पण त्याच्याकडे निवांत पाहण्याची वेळ नातीच्या गृहपाठानेच आणली. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचे १९४५ सालचे हे काम तुम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर असेलच: झग्यातला पाद्री पुढे झुकलेला, दोन्ही हातांचे पंजे ताणलेले, आणि त्याच्यापुढे ग्लानीत मागे कलंडत चाललेली स्त्री. नातीने विचारले, “आजी, हे तिला ढकलतायत की सावरतायत?” कांदोळीत जन्मून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या त्या माणसाची हकिगत मी तिला सांगू लागले खरी, परंतु ते हात पाहताना माझ्या मनात भलताच एक हात जागा झाला होता.

तो हात मलाक्क्याचा. किंवा तिथे नसलेला हात म्हणू या. मलेशियातील त्या शहरात डच काळातील लाल इमारतींचा चौक ओलांडून पायऱ्या चढत गेले की टेकडीवर सेंट पॉल चर्चचे छप्पर नसलेले अवशेष लागतात. आत भिंतींना टेकवून ठेवलेल्या डच थडग्यांच्या उंच शिळा आहेत, आणि जमिनीत जाळी घातलेला एक रिकामा खड्डा आहे. आपल्या गोंयच्या सायबाचे, सेंट फ्रान्सिस झेवियरचे, शव १५५३ साली काही महिने या चर्चमध्ये पुरलेले होते; पुढच्या वर्षी ते गोव्यात आले. चर्चच्या पुढ्यात सायबाचा पांढरा पुतळा आहे, आणि त्याला उजवा हात नाही. पुतळा बसवला १९५२ साली, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे सुरूचे झाड कोसळून हात तुटला, असे तिथे सांगतात. तो नंतर कुणी जोडला नाही, कारण जोडण्याची गरजच उरली नव्हती: खुद्द शवाचा उजवा हात १६१४ साली कोपरापासून वेगळा करून रोमला नेला होता आणि आजही तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. झाडाने पुतळा इतिहासाबरहुकूम करून दिला, असेच म्हणावे लागते.

मी बराच वेळ त्या तुटल्या जागेकडे पाहत राहिले. झग्याच्या चुण्या घासून गुळगुळीत केलेल्या आहेत, आणि बाही संपते तिथे मात्र दगड दाणेदार, खडबडीत आहे. अवशेषांच्या आत चित्रे विकत बसलेल्या गृहस्थाने आम्ही कुठून आलो असे विचारले, आणि गोवा म्हटल्यावर अगदी गंभीरपणे तो म्हणाला, “म्हणजे उरलेले सगळे तुमच्याकडेच ना?”

तुम्हांलाही परदेशात असे काही भेटले असेल, तर अवश्य लिहावे. संग्रहालयातले शक्यतो नको. चौकातले, नदीकाठचे, तिकीट न काढता दिसणारे हवे.

तारवटी, वास्को

ताई, तुमचा चित्रकार आवडला. माझे निम्मे आयुष्य बोटीवर गेले, त्यामुळे शहरांची ओळख मला नेहमी बंदराच्या बाजूने झाली. लिस्बनला बोट तेजो नदीत शिरते तेव्हा डाव्या हाताला बेलेमच्या काठावर एक प्रचंड दगडी जहाज दिसू लागते. पोर्तुगीज त्याला ‘पाद्रांव दुश देश्कुब्रिमेंतुश’ म्हणतात, शोधयात्रांचे स्मारक. उंची सुमारे ५२ मीटर, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हातात छोटे जहाज घेतलेला राजपुत्र हेन्री, आणि त्याच्यामागे दोन्ही उतरत्या कडांवर खलाशी, नकाशे करणारे, पाद्री, कवी आणि सरदार यांची रांग. एकूण ३३ आकृत्या आहेत आणि त्यांत बाई एकच, हेन्रीची आई फिलिपा. लेओपोल्दू द आल्मेदा या शिल्पकाराचे हे काम आहे आणि ते उत्तम आहे, यात मला शंका नाही. दोर ओढणाऱ्याच्या दंडाचा ताण, गुडघे टेकलेल्याच्या पाठीचा बाक, वाऱ्याने मागे गेलेली वस्त्रे, हे सारे बोटीवर काम केलेल्या माणसाला पटकन पटते.

सुट्टीच्या दिवशी मी पायी तिथे गेलो आणि खालून एकेक चेहरा ओळखत गेलो. वास्को द गामा सापडला, ज्याच्या नावाच्या गावात मी राहतो. गोवा जिंकणारा आल्बुकेर्क सापडला. सायबही आहेत. ही सगळी मंडळी आमच्या घरच्या गप्पांत लहानपणापासून होती, परंतु त्या गप्पांत ती किनाऱ्यावर उतरताना दिसत असत, आणि इथे ती निघताना दिसत होती. निघणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्साह असतो. ज्याच्या दारात तो उतरतो त्याचा चेहरा या स्मारकात कुठेच नाही. माझे आजोबा १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांच्या पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या सभेला गेलेले होते, त्यामुळे माझ्या नजरेत थोडा कडवटपणा असणारच, हे मान्य करून मी हे लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट मला तिथल्या फलकावर कळली आणि मी मनापासून हसलो. हे स्मारक प्रथम १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरत्या सामानात उभारले होते, नंतर ते मोडले, आणि हेन्रीच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली म्हणून १९६० साली काँक्रीट आणि दगडात कायमचे बांधले. साम्राज्य कायमचे दगडात बांधून झाले, आणि पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा सुटला.

पेडणेकर

काका, शेवटच्या वाक्याला दाद. आल्बुकेर्क आणि कवी कामोइंश यांचे आपल्याकडचे पुतळे आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. महाविद्यालयात असताना आम्हांला तिथे नेले होते. चौकातल्या उंच चौथऱ्यावर ज्यांच्याकडे मान वर करून पाहावे लागले असते, त्यांच्या बुटांच्या नाडीपर्यंत नजर जाईल इतक्या जवळून त्यांना पाहता येते, आणि मग तो निव्वळ ओतकामाचा एक चांगला नमुना उरतो. पुतळा फोडण्यापेक्षा खाली उतरवून ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

कवळेकरीण

लिस्बनचा विषय निघालाच आहे तर तिथला माझा आवडता माणूस सांगते. शियादू भागात ‘आ ब्राझिलेरा’ नावाच्या जुन्या कॅफेबाहेर कवी फेर्नांदू पेसोआ कांस्यरूपात टेबलापाशी बसलेले आहेत. डोक्यावर हॅट, पायावर पाय, आणि शेजारी कांस्याचीच एक रिकामी खुर्ची. लागोआ एन्रिकेश या शिल्पकाराने १९८८ मध्ये ती खुर्ची ठेवली आणि सगळ्या जगाला कवीशेजारी बसायची सोय करून दिली. आमचे हे तिथे बसले, कॉफी मागवली, आणि वेटरने अगदी सरळ चेहऱ्याने विचारले, “दोन का?”

मांडवीकाठ, पणजी

कवळेकरीण बाय, तुमच्या यजमानांनी मग दोन कप मागवले की नाही, ते सांगितलेच नाही.

कवळेकरीण

मागवले. दोन्ही स्वतःच प्यायले.

चित्रशाळेतला, डिचोली

आमच्या घरी तीन पिढ्यांची गणपतीची चित्रशाळा आहे. चवथीच्या आधी हात सतत चिकणमातीत असतात, त्यामुळे कुठलेही शिल्प दिसले की माझी नजर आधी हातापायांच्या बोटांवर जाते. चेहरा सरावाने जमतो. बोटे फार उशिरा जमतात, आणि काहींना जन्मभर जमत नाहीत.

मुलगी ओस्लोला असते. तिने पहिल्याच रविवारी आम्हांला विगेलँडच्या शिल्पांच्या उद्यानात नेले. गुस्ताव विगेलँड या एकाच माणसाची २०० हून अधिक शिल्पे तिथे उघड्यावर आहेत. १९२१ साली ओस्लो नगरपालिकेने त्याच्याशी असा करार केला की, नगराने त्याला राहायला आणि काम करायला मोठी कार्यशाळा बांधून द्यावी, आणि त्याने आपले काम नगराला द्यावे. आमच्या धंद्यात चवथ झाली की उधारी मागत फिरावे लागते, त्यामुळे हा करार ऐकून माझा ऊर भरून आला.

उद्यानाच्या मध्यभागी एक खांब आहे, एकाच ग्रॅनाइटच्या शिळेतून कोरलेला, सुमारे १४ मीटर उंच, आणि त्यावर १२१ माणसे एकमेकांना धरून, रेटून, उचलून वर चढत आहेत. विगेलँडने आधी मातीत पूर्ण आकाराचा नमुना केला, त्यावरून प्लास्टरचा साचा निघाला, आणि मग तीन पाथरवटांनी ते दगडात उतरवायला १४ वर्षे घेतली. लोक खांबाची उंची पाहत होते. मी खालच्या थरातील माणसांची बोटे पाहत होतो. दुसऱ्याच्या पाठीवर रुतलेला पंजा जिथे दाबतो तिथे पाठीचे मांस किंचित वर आलेले आहे. ग्रॅनाइटमध्ये मांस वर आणणे म्हणजे काय, हे छिन्नी धरलेल्यालाच कळेल. माती चुकली तर थापून परत करता येते. ग्रॅनाइटचा टवका उडाला की उडाला.

सगळ्यांत मोठी गर्दी मात्र पुलावरच्या एका चिमुकल्या कांस्याच्या पोराभोवती असते. ते रागावलेले आहे. दोन्ही मुठी आवळलेल्या, एक पाय आपटण्यासाठी उचललेला, तोंड वासलेले, छाती पुढे. येणारा प्रत्येक जण त्याची डावी मूठ धरतो, त्यामुळे बाकी अंग काळपट आणि ती मूठ तेवढी पिवळीधमक झालेली आहे. उद्यानातले सगळेच जण विवस्त्र असल्यामुळे सौभाग्यवती आधी जरा संकोचल्या होत्या, परंतु या पोरापाशी आल्यावर म्हणाल्या की, आपला धाकटा खाजे मिळाले नाही की जत्रेत अस्साच उभा राहायचा. मुलगी तिथून पुढे निघायला सांगत होती, आणि आम्ही दोघे त्या मुठीपाशी घोटाळत होतो.

म्हापसेकर

सगळ्यांनी थोर थोर शिल्पे लिहिली आहेत, म्हणून निराशेचाही एक अनुभव नोंदवतो. कोपनहेगनची जलपरी. पर्यटक बसमधून उतरून भर वाऱ्यात चालत गेलो आणि समोर काय, तर खडकावर बसलेली सव्वा मीटर उंचीची मूर्ती. एडवर्ड एरिकसनने ती १९१३ साली घडवली, तिचे मुंडके १९६४ मध्ये कुणी करवतीने कापून नेले, पुढे हात कापला, नंतर पुन्हा मुंडके नेले, आणि २००३ मध्ये तिला स्फोटाने पाण्यात उडवले. एवढे सगळे सोसूनही ती तिथे बसलेली आहे, याचे कौतुक जरूर आहे. पण मूर्तीपेक्षा तिची छायाचित्रे मोठी झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रशाळेतला, डिचोली

म्हापसेकर, लहान मूर्तीला नावे ठेवू नका. उंची वाढवायला फक्त सामान लागते.

काणकोणचा वाटसरू

मी शिक्षणासाठी डब्लिनमध्ये होतो. रोजच्या वाटेवर लिफी नदीच्या काठी, कस्टम हाउसजवळ, दुष्काळाचे स्मारक होते. रोवन गिलेस्पी या शिल्पकाराचे हे काम १९९७ सालचे आहे. चौथरा नाही, कठडा नाही. पदपथाच्या दगडांवरच हाडाची काडे झालेली कांस्याची माणसे बंदराकडे चालत आहेत. एकाच्या खांद्यांवर निपचित मूल आडवे टाकलेले आहे. एका बाईने छातीशी कसलेसे बोचके असे धरलेले आहे की, ते अन्न आहे की तान्हे, हे जवळ जाईपर्यंत कळत नाही. सर्वांत मागे एक रोडावलेला कुत्रा आहे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तरी पहिल्या हिवाळ्यात, सायंकाळी चार वाजताच अंधार पडलेला असताना, कामावरून परतणाऱ्या माणसांच्या गर्दीत मी चालत होतो आणि आपल्या बरोबरीने चाललेले एक माणूस कांस्याचे आहे, हे मला अगदी शेजारी आल्यावर कळले. उंच चौथऱ्यावर ठेवली असती तर ती माणसे इतकी आत शिरली नसती.

त्या दिवसांत मी घरी फोन केला की आई पहिला प्रश्न ‘जेवलास का’ हाच विचारीत असे. मला तो प्रश्न तोपर्यंत कंटाळवाणा वाटे.

म्हापसेकर

वाटसरू, तुम्ही ज्यांना निघताना पाहिलेत त्यांना मी पोचलेले पाहिले आहे. मुलगा टोरांटोला आहे. तिथे ऑन्टारिओ सरोवराच्या काठी आयर्लंड पार्क नावाची छोटीशी जागा आहे आणि तिच्यात याच गिलेस्पीची पाच शिल्पे २००७ साली बसवलेली आहेत. १८४७ च्या एका उन्हाळ्यात, जेव्हा टोरांटोची वस्ती जेमतेम २०,००० होती, तेव्हा ३८,००० हून अधिक आयरिश दुष्काळग्रस्त तिथे उतरले. शिल्पांत एक माणूस दोन्ही हात आभाळाकडे उंचावून उभा आहे, एक गरोदर बाई पोटावर हात ठेवून आहे, एक पोरके मूल आहे, आणि एक बाई जमिनीवर आडवी आहे. तिच्यात उठण्याचे बळ उरलेले नाही. बाजूला आयर्लंडमधील किल्केनीहून आणलेल्या काळ्या चुनखडीच्या उभ्या शिळा आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींत, डोकावून पाहिले तरच दिसतील अशी, त्या उन्हाळ्यात टोरांटोत मरण पावलेल्यांची ओळख पटलेली नावे कोरलेली आहेत.

नावे वाचायला मान वाकडी करून त्या फटीत डोके घालावे लागते. माझा मुलगा बाहेर उभा राहून मला हाका मारत होता. त्याचे कागदपत्र अजून पक्के झालेले नव्हते आणि त्याला त्या जागेत फार वेळ थांबायचे नव्हते, हे मला नंतर उमगले. आपल्याकडे घरटी कुणीतरी बोटीवर, आफ्रिकेत, आखातात किंवा आता लंडनला गेलेले आहे. गोव्यात अशा निघालेल्यांचे एखादे शिल्प धक्क्यावर असायला हवे, आणि ते असलेच तर चौथऱ्याशिवाय असावे.

तारवटी, वास्को

अनुमोदन. मात्र त्या शिल्पात मागे राहिलेली बाईही हवी. पगाराचे पैसे पोचल्यावर सगळे निभावून नेणारी तीच होती.

आखाती सून

मी दोहाला राहून आले. बहुतेकांना दोहाच्या किनाऱ्यावरचा मोती आणि शिंपला ठाऊक असतो, परंतु मला लिहायचे आहे ते शहरापासून दूर, झेक्रीतच्या पलीकडे ब्रूकच्या वाळवंटातील शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या कामाविषयी. २०१४ साली त्यांनी तिथे पोलादाचे चार सपाट पत्रे वाळूत उभे केले. ‘पत्रे’ म्हटल्यावर कुणी लहान समजू नये: उंची १४ मीटरांहून अधिक, आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर एक किलोमीटरहून जास्त. दोन बाजूंना चुनखडीच्या बुटक्या टेकड्या आणि मध्ये हे चार, एका रांगेत. जमीन कमीजास्त उंचीची आहे, म्हणून पत्र्यांची उंचीही कमीजास्त ठेवलेली आहे आणि चारही माथे मात्र एका पातळीत येतात. पहिल्यापाशी उभे राहून पाहिले की ते कळते; तोपर्यंत वाळवंट सपाट आहे असेच आपण समजत असतो.

आम्ही दुपार टळल्यावर पोचलो. सासूबाई बरोबर होत्या. त्या गाडीतून उतरल्या, सभोवार पाहिले आणि म्हणाल्या, “हे पाहायला दोन तास आणलेस? आपल्या मांडवीत उभ्या असलेल्या, खाणीचे खनिज वाहणाऱ्या जुन्या बार्जसारखे तर दिसते.” रंगाच्या बाबतीत त्यांचे काहीच चुकले नव्हते, कारण गंज हाच त्या शिल्पाचा रंग आहे. पण मग त्या सावलीसाठी पत्र्याच्या मागे गेल्या. तिथे मुलांनी हाक मारून पाहिली, पत्र्यावर हात ठेवून त्याची ऊब पाहिली, आणि सूर्य उतरू लागला तशी सावली वाळूवरून इतकी लांब पसरत गेली की सासूबाईंनी आपणहून तिच्या टोकापर्यंत चालत जायचे ठरवले. टोक पुढे पुढे सरकत होते, आणि त्या मागे मागे चालत होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी बार्जचा विषय काढला नाही.

पेडणेकर

खाणी बंद पडल्यानंतर बार्जवाल्यांनी हीच कल्पना लढवायला हवी होती. एका रांगेत चार उभ्या केल्या असत्या तर पर्यटनखात्याने दिवे लावले असते.

कवळेकरीण

सिंगापूरचे सिंहमत्स्य सगळेच पाहतात, आम्हीही पाहिले. त्यापेक्षा जवळच नदीच्या कठड्यावरून पाण्यात उड्या घेणाऱ्या नागड्या पोरांचे शिल्प मला फार आवडले. चोंग फाह चोंग या शिल्पकाराचे आहे. एक पोर हवेतच आहे, एक उडी मारायच्या बेतात आहे, एक अजून काठावर बसून विचार करीत आहे. बँकांच्या काचेच्या इमारतींसमोर जुन्या नदीकाठची ही मस्ती कायमची ठेवून दिलेली आहे. सांजांवाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी आमच्या वाड्यावरची मुले विहिरीत अशाच उड्या घेतात, आणि काठावर विचार करीत बसलेला एक तर हमखास असतोच.

सासष्टीकर

मी राहतो मडगावात, परंतु माझे आजोळ वसईचे आहे. त्यामुळे नागासाकीला गेलो तेव्हा अणुबाँबची स्मारके पाहण्याआधी निशिझाका टेकडीवर गेलो. रेल्वेस्थानकापासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथे एक लांब भिंत आहे आणि तिच्यावर २६ माणसे ओळीने उभी आहेत. ‘उभी’ हा शब्द खरा नाही, कारण कुणाचेही पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पावले सैल सुटून खाली लोंबत आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून याच टेकडीवर ज्यांना क्रुसावर चढवून मारले, ते हे २६ ख्रिस्ती. त्यांतले २० जपानी आणि सहा परके, आणि त्या सहांपैकी एक आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. तरुणपणी जपानात व्यापार केला, तिथली भाषा शिकला, मग मनिलात फ्रान्सिस्कन पंथात गेला आणि दुभाषी होऊन जपानात परतला. १८६२ साली या सर्वांना संतपद मिळाले आणि त्याला १०० वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, यासुताके फुनाकोशी या शिल्पकाराचे हे स्मारक उभे राहिले.

मी क्रूर दृश्याची मनाची तयारी करून गेलो होतो. तिथे क्रूसही नाहीत, भालेही नाहीत, जखमाही नाहीत. आकृत्या शांत, सरळ, आणि बहुतेकांचे चेहरे वर आभाळाकडे. ओळीवरून नजर फिरवत गेले की मध्येच डोक्यांची रेषा खाली येते, आणि ती का खाली आली हे क्षणभराने लक्षात येते: ती मुले आहेत. सर्वांत धाकटा १२ वर्षांचा होता. क्योतोहून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात या सर्वांना चालवत आणलेले होते. शिल्पकाराने रक्ताचा थेंब न दाखवता केवळ उंचीच्या फरकाने जे केले, ते मला कुठल्याही वर्णनाने इतके भिडले नव्हते.

माझी मावशी वसईजवळच्या गासची. तिथले चर्च याच गोन्सालोच्या नावाचे आहे. तिला मी तिथूनच फोन केला आणि सांगितले की, मावशे, तुमच्या संताच्या पायाशी उभा आहे. ती म्हणाली, “त्याला सांग, गासला यंदा पाऊस फार झाला.”

मांडवीकाठ, पणजी

सासष्टीकर, मावशीला माझा नमस्कार सांगावा. सायब धर्मप्रसारासाठी १५४९ मध्ये जपानात, कागोशिमाला उतरले आणि अर्ध्या शतकाच्या आत ही गोष्ट घडली, हे मी आजवर एका रेषेत कधी मांडून पाहिले नव्हते. नातीच्या वहीत आता नागासाकीही शिरणार, असे दिसते. तिची बाई काय म्हणेल ते म्हणो. आणि चित्रशाळेतले बाब, तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्यावे: ढकलतो की सावरतो?

चित्रशाळेतला, डिचोली

माई, शिल्पकाराने दोन्हींपैकी एकही गोष्ट त्याला करू दिलेली नाही. फारियाची बोटे तिच्यापासून दूर आहेत. तिचा तोल आतूनच सुटत आहे आणि त्याचे हात तो तोल जिथे जाईल तिथे जात आहेत. दोन आकृत्यांच्या मधली जी मोकळी जागा आहे ती घडवणे हेच त्यातले सर्वांत अवघड काम आहे, कारण तिथे हात लावायला काहीच नसते. आपल्याकडचे बाकीचे पुतळे एक तर हार घालण्याच्या सोयीने केलेले असतात किंवा बोटाने दूर काहीतरी दाखवीत असतात. या एकाला मात्र काम दिलेले आहे. नातीला सांगा की, नदीकडच्या बाजूने एकदा आणि मागून एकदा पाहा. समोरून काढलेल्या छायाचित्रात ती मधली जागा हरवते.

पेडणेकर

आखाती सून ताई, माझा भाऊ पुढच्या महिन्यात दोहाला रुजू होतो आहे. त्या वाळवंटातल्या पत्र्यांपर्यंत साधी गाडी जाते का, आणि कुठल्या महिन्यात जावे?

आखाती सून

झेक्रीतपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे कच्चा आहे आणि वाळू भुसभुशीत असते, म्हणून उंच चाकांची गाडी आणि वाट माहीत असलेला कुणी बरोबर असावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पाणी भरपूर न्यावे, तिथे दुकान नाही. दुपारी तीनच्या सुमारास पोचावे आणि अंधार पडण्याआधी डांबरी रस्त्याला लागावे.